ट्रेड म्हणजे खालचं काम, हे ठरवलं कोणी?

आज फॅमिली ग्रुपवर भाच्याच्या वेल्डिंगचा विषय निघाला आणि एका काकांनी लगेच टाकलं, 'तो ट्रेड झाला, प्रोफेशन नाही.' वर हसणारी स्मायली. सकाळपासून डोकं फिरलंय.

बरं, इंग्रजीचाच तोरा आहे ना, मग इंग्रजीतच बघू. ट्रेड हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुमारास उत्तर जर्मनीकडच्या बोलीतून इंग्रजीत आला, अर्थ काय तर वाट, जहाजाचा ठरलेला मार्ग. पाऊल टाकणे, तुडवणे यासाठीचा इंग्रजी शब्द त्याचाच सख्खा, टायरवरच्या नक्षीला म्हणतात तोच. रोजची वाट, मग रोजचं काम, मग हातात बसलेला धंदा असा तो सरकत गेला, खरेदीविक्री नंतर चिकटली. (शाळेत व्यापारी वारे म्हणून घोकलेले ट्रेड विंड्स पण मुळात एकाच वाटेने वाहणारे वारे, व्यापाराचा काही संबंध नाही!)

माझे मामा वेल्डर होते. ठिणग्यांकडे कोणीही बघतं, मामा काळ्या काचेतून फक्त वितळलेल्या धातूकडे बघायचे, आणि दुसरा कोणी वेल्डिंग करत असला तर पाठ फिरवून, नुसत्या आवाजावरून सांगायचे, 'रॉड लांब धरलायस.' हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही हो.

आता प्रोफेशन. लॅटिनमधून आलेला, चारचौघांत जाहीर करणे असा अर्थ, आणि इंग्रजीत आधी वापरला तो मठात शिरताना घेतलेल्या व्रतासाठी. मग धर्म, कायदा, वैद्यक हे तीन त्यात जाऊन बसले. म्हणजे एक शब्द पायांचा आणि एक तोंडाचा, आणि तोंडवाले पायवाल्यांना हसणार!

हो, शब्दाचं मूळ म्हणजे आजचा अर्थ नाही, मान्य. डॉक्टर-वकिलाची जबाबदारी वेगळी, तेही मान्य. पण मामांच्या जोडावर माणसं उभी राहायची त्याचं काय? तो जोड सुटला असता तर ती जबाबदारी कोणाची होती?

आणि शिक्षण म्हणाल तर इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने ठरलेल्या धंद्यांत निदान सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय काम करता येत नव्हतं. सात वर्षं! मामा पण असेच उस्तादाच्या हाताखाली तयार झाले, आधी नुसतं साफसफाई आणि घासकाम, रॉड हातात मिळाला तो खूप नंतर. त्याचं सर्टिफिकेट नव्हतं म्हणून आयुष्यभर 'कारागीर माणूस' एवढंच ऐकलं त्यांनी. ते हसून सोडून द्यायचे, मला नाही जमत.

आणि काका, तुमच्या प्रोफेशनवाल्यांतले ते सर्जन. लंडनमध्ये १५४० ते १७४५ न्हावी आणि सर्जन एकाच 'कंपनीत', म्हणजे धंद्याच्या संघात होते, उमेदवारी करून शिकायचे, हाताने काम करणारे म्हणून फिजिशियन, म्हणजे औषधं देणारे डॉक्टर लोक त्यांना कमी लेखायचे. आजही ब्रिटनमध्ये बहुतेक सर्जनना डॉक्टर नाही, मिस्टर म्हणतात आणि ते हे मिस्टर अभिमानाने लावतात. त्यांना जाऊन सांगा की तुमचा मूळचा ट्रेड, प्रोफेशन नाही.