वॉनाक्राय आणि विंडोज एक्सपी: खुलासा

वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. त्याच्या हल्ल्याबद्दल ‘2017 मध्ये ब्रिटनची सरकारी रुग्णालयं विंडोज एक्सपीमुळे ठप्प झाली’ हा दावा पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे. लागण झालेली बहुतेक मशीन विंडोज 7 वर होती आणि त्या आवृत्तीला तेव्हा सपोर्ट (कंपनीकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं) चालू होता. दुरुस्तीचा पॅच 14 मार्चला आला, हल्ला 12 मे रोजी झाला. मधल्या जवळपास दोन महिन्यांत पॅच टाकलाच गेला नाही. चाचण्यांत एक्सपीवर हा व्हायरस बहुधा पसरण्याऐवजी मशीनच निळा स्क्रीन देऊन बंद पडत होतं.

म्हणून एक्सपी सुरक्षित ठरत नाही. त्याचा सपोर्ट एप्रिल 2014 मध्येच संपला. पण ‘जुनं काढा, नवं घ्या’ एवढ्यानं भागत नाही, आणि सीटी स्कॅनला जोडलेला पीसी तर सहज बदलताही येत नाही, कारण यंत्राचा ड्रायव्हर (पीसीला यंत्राशी जोडणारं सॉफ्टवेअर) नव्या विंडोजवर चालेलच असं नाही. असा पीसी वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवा, इंटरनेट तोडा, फायरवॉलवर पोर्ट 445 (फाइल शेअरिंगची वाट) अडवा. बाकी मशीनवर एसएमबी-1 (विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) बंद करा. वॉनाक्राय शिरला तो याच वाटेनं. पॅच टाकल्यावर मशीन रीस्टार्ट झालं का, तेही बघा. इथेच हमखास राहून जातं.