सोळा तासांचा हिशेब

आज एका परिचितांच्या घरी सांत्वनाला गेलो होतो. अमेरिकेतला मुलगा वडिलांच्या अंत्यसंस्काराला पोहोचू शकला नाही, यावरून एक गृहस्थ भर बैठकीत म्हणाले, "सोळा तासांचे तर विमान आहे. यायचेच असते तर आला असता." दुःखाच्या घरात वाद नको म्हणून मी गप्प राहिलो, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ हवाई अंतर सुमारे 13,500 किलोमीटर आहे. त्याला ताशी 900 किलोमीटरने भागले की पंधरा तास येतात आणि बहुतेकांचा हिशेब तिथेच संपतो. आमची आई गेली तेव्हा माझा धाकटा भाऊ सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन होजेला होता. इथे दुपार होती आणि तिथे मध्यरात्र. जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशीच्या, दुबईमार्गे येणाऱ्या विमानात. तो मुंबईत पहाटे उतरला, तिथून कोल्हापूर गाठायला पावणेचारशे किलोमीटरचा रस्ता, आणि घराच्या दारात आला तेव्हा आम्ही रक्षाविसर्जन करून परतलो होतो. यातले सोळा तास कोणते, हे त्या गृहस्थांनी मला दाखवून द्यावे.

मुळात विमान नकाशावरच्या रेषेवरून जातच नाही. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाण्याला आणि येण्याला वेगवेगळा वेळ लागतो. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा अंतर हजाराहून अधिक किलोमीटरने वाढले आणि तरीही वेळ वाचला, कारण वारा पाठीशी होता. 2022 पासून अमेरिकी विमानांना रशियाचे आकाश बंद झाले, एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना पाकिस्तानचे. राज्यकर्त्यांच्या भांडणाचा वळसा शेवटी घरी निघालेल्या मुलाला पडतो, याचा मला मनापासून संताप येतो.

पूर्वी बोटीने आठवडे लागत आणि बातमी पत्राने यायची, हे मान्य. अंतराचा आडोसा घेऊन येणे टाळणारेही असतात, तेही मान्य. पण माझा भाऊ तसा नव्हता. दुबईच्या विमानतळावरून त्याने फोन केला आणि एवढेच विचारले, "दादा, थांबता येईल का रे?" आईला आदल्या संध्याकाळीच अग्नी दिला होता. मी त्याला तसे सांगितले, आणि पुढचे विमान सुटेपर्यंत आम्ही दोघेही फोनवर काही न बोलता राहिलो.

त्या गृहस्थांविषयीचा राग हे लिहिता लिहिता बराच ओसरला आहे. त्यांच्या घरातले कोणी दूरदेशी नसावे. मात्र ज्यांची मुले दूर आहेत त्यांना माझी विनंती आहे: घरातल्या वडीलधाऱ्यांची प्रकृती ढासळू लागली, तर "उगाच काळजी नको" म्हणून मुलांपासून लपवू नका. रुग्णालयात दाखल केले त्याच दिवशी त्यांना कळवा आणि निघायचे की नाही ते त्यांना ठरवू द्या.