ड्रेसिनाला पाणी कोणी घातलं?

नर्सरीवाला ड्रेसिनाची कुंडी हातात देताना सांगतो, "साहेब, ह्याला काही लागत नाही." वाक्य खरं आहे आणि तिथेच घोडं पेंड खातं. काही लागत नाही अशा झाडाला काहीही न देण्याची सवय आपल्या घरांना नाही. पाहुणा नको-नको म्हणत असताना त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकायची ही आपली रीत, आणि ती कुंडीलाही लागू होते.

आधी ड्रेसिनाच्या प्रकारांची ओळखपरेड उरकून टाकतो. बँकेत नाही तर टॉवरच्या लॉबीत जाड खोडावर मक्याच्या पानांचा तुरा घेऊन उभं असतं आणि ज्याच्या पानाच्या मधोमध पिवळा पट्टा असतो, ते मॅसेंजियाना. सडपातळ खोड, अरुंद पानं, लालसर कडा असलेलं मार्जिनाटा. पानांना पिवळ्या कडा असलेलं साँग ऑफ इंडिया. नावात इंडिया असलं तरी मूळ गाव मादागास्कर-मॉरिशसकडचं. शास्त्रज्ञांनी अलीकडे स्नेक प्लांटलाही सॅन्सेव्हिएरिया या त्याच्या जुन्या गटातून उचलून ड्रेसिनात घातलंय. म्हणजे "आमच्याकडे ड्रेसिना नाही" म्हणणाऱ्या पुष्कळ घरांत तो शू-रॅकशेजारी गुपचूप उभा असतो.

आता पाणी. बाकीच्या लेखातलं काही विसरलात तरी चालेल.

ठाण्यातल्या कुठल्याही टूबीएचकेत ड्रेसिनाला पाणी घालणारी किमान चार माणसं असतात आणि कोणी घातलं हे कोणालाच माहीत नसतं. आई पूजा आटोपून तांब्यातलं उरलेलं पाणी ओतते, कारण ते सिंकमध्ये टाकायचं नसतं. कामाच्या मावशी "माती सुकलीय ताई" म्हणत मगभर घालतात. शाळेतून आलेलं पोर वॉटरबॅग इथेच रिकामी करतं, म्हणजे "पाणी प्यायलास का?" या प्रश्नाला पुरावा तयार. आणि रात्री बाबा घातलं नसेल कोणी म्हणून घालतात. प्रत्येक जण थोडंसंच घालतो. थोडंसं गुणिले चार गुणिले सात.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या फटी सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग बुरशी येते आणि मुळं काळी, बुळबुळीत होतात. पुढची गंमत क्रूर आहे. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पानं माना टाकतात. मान टाकलेलं झाड दिसतं तहानलेलं. ते बघून घरातलं सगळ्यात मायाळू माणूस धावत जाऊन आणखी एक मग ओततं.

यावर उपाय खराट्याची काडी. एक स्वच्छ काडी कुंडीच्या कडेने चार-पाच इंच खाली खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडी ओलसर, गडद दिसली किंवा माती चिकटून आली, तर हात आवरता घ्या. कोरडी आली तर पाणी घाला, पण मग पोटभर: आठ इंची कुंडीला अर्धा ते पाऊण लिटर, सावकाश, खालच्या भोकातून निथळेपर्यंत. बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात फेकून द्या. "रोज थोडं थोडं" हा नर्सरीचा सल्ला नर्सरीत ठीक आहे. तिथे उघड्यावर ऊन-वारा असतो आणि झाड आठवडाभरात विकलं जाणार असतं. तुमच्या हॉलमध्ये तो वरची माती चिखलात ठेवतो आणि क्षार आतल्या आत साठवतो.

किती दिवसांनी, हे विचारू नका. विचारणारच असाल तर ढोबळ सांगतो: ऑक्टोबर हीटमध्ये आणि एप्रिल-मेमध्ये सहा-आठ दिवसांनी, थंडी म्हणून जे काही आपल्याकडे येतं त्यात दहा-बारा, आणि जून ते सप्टेंबर पंधराही. येऊरच्या डोंगरावर ढग टेकले की घोडबंदर रोडवरच्या घरात बनियन सुकत नाही, कुंडी कशी सुकेल? पावसाळ्यात पाणी घालण्याआधी दोरीवरचे कपडे बघा. ते दमट असतील तर कुंडीही दमटच.

कुठलं पाणी, हाही घरातल्या राजकारणाचा विषय. आरओ प्युरिफायर एक लिटर पाणी गाळताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ते वाया घालवायचं नाही या उदात्त हेतूने बादलीत धरलं जातं आणि झाडांच्या नशिबी येतं. फरशी पुसा, संडासात ओता, पण ड्रेसिनाला नको. प्युरिफायरने तुमच्यासाठी काढून टाकलेले सगळे क्षार त्यात असतात. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी त्याला छान मानवतं, त्यात क्षार जवळपास नसतातच. म्हणजे एसीचा झोत झाडाला वाईट, पण एसीचं पाणी चांगलं. नवी मुंबईचं मोरबे धरणाचं आणि ठाण्याचं भातसाचं पाणी पावसाच्या साठ्याचं, त्याची तक्रार नसते. तक्रार सुरू होते टँकरपासून, कारण त्यात बोअरचं पाणी किती ते टँकरवालाच जाणे.

क्षार जास्त झाले की झाड लेखी कळवतं. पानाचं टोक जवळ घेऊन बघा: अगदी शेवटी तपकिरी, कुरकुरीत, पापडाच्या कडेला मोडावा तसा तुकडा मोडतो. त्याच्या मागे रेघेएवढी पिवळी पट्टी आणि मग धडधाकट हिरवं पान. इंटरनेटवर वाचलंत तर दोष फ्लोराइडला दिलेला असतो. ड्रेसिना फ्लोराइडला नाजूक आहे हे खरं, पण तो सल्ला अमेरिकेतला. तिथे बऱ्याच शहरांत दातांसाठी नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळतात. आपल्याकडे मिसळत नाहीत. पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन उडतो, फ्लोराइड किंवा क्षार नाही. आपल्याकडचे संशयित म्हणजे प्युरिफायरची बादली, टँकर, जास्तीचं खत आणि त्यातही सुपर फॉस्फेट हे रासायनिक खत, ज्यात फ्लोराइड असतो. दर तीन-चार महिन्यांनी कुंडी बाथरूममध्ये नेऊन तिच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश आरपार जाऊ द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात. हे पाणीकपातीच्या दिवशी करू नका. झाड वाचेल, पण घरात तुम्ही वाचणार नाही. जळलेलं टोक कात्रीने पानाच्या आकारातच तिरकं कापा आणि तपकिरी भागाची बारीक कड ठेवा. हिरव्यात कापलं तर नवीन टोकही तपकिरी होतं.

नर्सरीतून आणलेलं झाड बहुधा लाल मातीच्या टणक गोळ्यात असतं. आणल्या आणल्या कुंडी बदलायची घाई नको, पंधरा दिवस त्याला घर बघू द्या. मग गोळा पाण्यात भिजवून बाहेरची सैल होईल तेवढी माती काढा. दोन भाग बागेची माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड रेती किंवा विटांचा चुरा, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर निंबोळी पेंड. खाडीजवळ राहत असाल तर कोकोपीट निम्मं करा, हवेतच पुरेसं पाणी आहे. नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी हवी. "एकदाच मोठी घेऊन टाकू" हा हिशेब शाळेच्या गणवेशाला चालतो. इथे जादा माती जादा पाणी धरून बसते. जाड खोडांच्या वरच्या कापावर मेण लावलेलं असतं, ते खरवडू नका. ते पाणी आत मुरू नये म्हणून आहे. आणि वास्तुशांतीला आलेली, तळाला भोक नसलेली चिनी मातीची देखणी कुंडी फक्त बाहेरचं आवरण म्हणून वापरा. दर रविवारी आतली कुंडी उचलून तळं बघा. असतंच.

उजेडाचं फार नाही. पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फूट, बास. पश्चिमेच्या काचेला चिकटून ठेवलंत तर एप्रिलमध्ये पानांवर फिकट, कागदासारखे डाग पडतात आणि ते परत हिरवे होत नाहीत. अंधाऱ्या पॅसेजमध्ये झाड मरत नाही, नुसतं बारीक होत जातं, पिवळा पट्टा फिका पडतो आणि सगळी पानं लिफ्टच्या दिव्याकडे झुकतात. शिवाय तिथे सोसायटीची नोटीस येते. ग्रिलमध्ये ठेवलंत तर खालच्या मजल्यावरच्या काकू येतात, कारण थेंब त्यांच्या वाळत घातलेल्या साडीवरच पडतात, रिकाम्या दोरीवर पडल्याची नोंद नाही. खत: गांडूळखत दोन महिन्यांतून दोन मुठी, किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा. चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, केळ्याचं साल, पानांना दूध हे सगळं कौतुकाने ऐकून घ्या. साखर-दुधाच्या चहाचा चोथा घातलात तर मुंग्या आणि चिलटं तुमच्याकडे कायमची राहायला येतात.

चिलटांचं मूळ ओल्या मातीत. वरची दोन इंच माती पूर्ण सुकू दिली की त्यांच्या अळ्या मरतात. शेजारी पिवळं चिकट कार्ड लावा, मोठी चिलटं त्यावर चिकटतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कानकोरण्याच्या कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन एकेक पुसा. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब हलवून संध्याकाळी फवारा, आठ-आठ दिवसांनी तीनदा. आधी एका पानावर करून बघा. घरभर दोन दिवस कडुनिंबाचा वास राहील आणि आल्यागेल्याला वाटेल कोणाला तरी कांजिण्या झाल्यात.

एव्हाना कोणीतरी फॅमिली ग्रुपवर "नासाने सिद्ध केलंय, हवा शुद्ध करतं" टाकलेलं असेल. नासाचा अभ्यास १९८९चा, त्यात ड्रेसिना होते हेही खरं. पण प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाला होता. २०१९मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला गेला. नुसत्या घराच्या हवेच्या येण्या-जाण्याइतका परिणाम साधायचा तर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असं त्यात निघालं. चारशे चौरस फुटांचं घर म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर, कमीत कमी ३७० कुंड्या. त्या मांडल्यावर माणसांनी क्लबहाऊसमध्ये झोपायचं, आणि चार पाणीवाल्यांना पूर्ण वेळची नोकरी. खिडकी उघडा.

आता खोड मऊ पडलं तर. अंगठ्याने दाबून बघा: निरोगी खोड लाकडासारखं घट्ट लागतं, कुजलेल्याची साल सुरकुतून आतल्या भागावर सरकते आणि बोटाला नाल्याचा वास येतो. खाली मऊ आणि वर घट्ट असेल तर वरचं वाचवता येतं. धारदार, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने कुजलेल्या भागाच्या वर कापा. काप पांढरट, कोरडा दिसेपर्यंत वर सरकत राहा. शेंड्याचा तुरा चार-सहा इंच खोडासकट वेगळा घ्या, उरलेल्याचे पाच-सहा इंची तुकडे करा. खालची बाजू तिरकी आणि वरची सरळ कापायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी डोकं कुठलं आणि पाय कुठले यावरून घरात वाद होतो आणि उलटं लावलेल्या तुकड्याचं काही खरं नसतं. काप दिवसभर सुकू द्या, मग ओलसर रेती-कोकोपीटमध्ये दोन इंच खोचा. आपला पावसाळा, जो मोठ्या झाडाला नकोसा, तो इथे कामाचा: दमट हवेत साधारण तीन ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. मुळं धरलीत का हे बघायला रोज उपटणाऱ्यांसाठी माझ्याकडे उपाय नाही.

लकी बांबू हा बांबू नव्हे, तोही ड्रेसिनाच, मध्य आफ्रिकेकडचा. त्याच्या किती काड्या कुठल्या दिशेला ठेवायच्या हे सगळ्यांना पाठ असतं, पाणी आठवड्याला बदलायचं हे कोणालाच नाही. मुळं बुडतील एवढंच पाणी ठेवा आणि काचेचं भांडं उन्हात नको, शेवाळ धरतं. एक काडी पिवळी पडली की ती परत हिरवी होत नाही, लगेच काढून टाका, नाहीतर सड बाकीच्यांना लागते. शुभ आकडा बिघडतो याला इलाज नाही.

मांजर-कुत्रं घरात असेल तर पानं त्यांच्या तोंडाला लागू देऊ नका. पानांतल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यामुळे उलट्या होतात, लाळ गळते. चावलेलं दिसलं तर सरळ पशुवैद्य गाठा.

मॅसेंजियाना नीट पाळला तर काही वर्षांनी फुलतो, आणि त्याबद्दल कोणी सावध करत नाही. शेंड्यातून लांब तुरा निघतो, कळ्या संध्याकाळी उमलतात आणि रात्री असा वास सुटतो, की पहिल्या दिवशी शेजाऱ्यांना दाखवायला बोलावतात आणि तिसऱ्या दिवशी झाड बेडरूममधून हॉलमध्ये, हॉलमधून बाल्कनीत जातं. तुऱ्यातून चिकट मध फरशीवर गळतो तो वेगळाच. डोकं दुखत असेल तर तुरा खुशाल कापा, झाडाचं काही बिघडत नाही.

मे महिन्यात पंधरा-वीस दिवस गावी जाताना आदल्या दिवशी पोटभर पाणी द्या, निथळू द्या आणि कुंडी खिडकीपासून नेहमीपेक्षा दोन फूट मागे ओढा. एवढ्यावर तो आरामात निभावतो. बाकीच्या कुंड्यांसाठी शेजारच्या काकूंना किल्ली द्यावी लागणारच. त्या "रोज बघीन हो, काळजी नको" म्हणतील आणि शब्दाला जागतील. म्हणून ड्रेसिना बेडरूममध्ये ठेवा, पडदा अर्धा उघडा, दाराला कुलूप लावा आणि ती किल्ली आठवणीने कोकणात घेऊन जा.