१० फूट खड्डा, ४ इंची पाइप आणि फुकटचा गारवा

सध्या फिरणाऱ्या फॉरवर्डचा मजकूर थोडक्यात असा: "जमिनीखाली १० फुटांवर जगात कुठेही, वर्षभर १५ अंश तापमान असतं, कारण पृथ्वीच्या गाभ्यातली ऊर्जा. ४ इंची १०० फूट पाइप पुरा, एका टोकाला छोटा पंखा लावा, एसी आणि हीटर दोन्ही विकून टाका. वीज लागत नाही, देखभाल नाही, ४०० टक्के कार्यक्षमता. ७२ टक्के बचत अमेरिकेच्या सरकारने मान्य केली आहे. एसी कंपन्या हे दडवून ठेवतात. रविवारी चार जण मिळून खड्डा खणा." आत्यानेही तो पाठवला आणि खाली विचारलं, "खणायला माणसं सांगू का रे?" नको सांगूस. का नको, ते खाली लिहितो, म्हणजे हा मेसेज आणखी कोणाकडून आला की हेच पुढे पाठवता येईल.

आधी गाभ्याचं. खोल जावं तसं तापमान वाढतं हे खरं, पण साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी. म्हणजे १० फुटांत एका अंशाचा दहावा हिस्सासुद्धा नाही. घरासाठी आपण जी वरची शे-दोनशे मीटर जमीन वापरतो, तिच्या उबेचा हिशेब मुख्यतः उन्हाचाच. त्यामुळे तिचं तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहतं. थंड प्रदेशात ते ६-७ अंश असतं, उष्ण प्रदेशात २५ ते २८. सगळीकडे १५ हा आकडा कोणीतरी आपल्या गावचा उचलला आणि जगाला चिकटवला. शिवाय १० फुटांवर ते वर्षभर स्थिरही नसतं. साधारण मातीत पृष्ठभागावरच्या चढउताराचा चौथा ते तिसरा हिस्सा तिथपर्यंत पोचतो, आणि तोही दोन-अडीच महिने उशिरा. खरी स्थिरता हवी तर १० मीटर खाली जावं लागतं. फूट आणि मीटर यांची गल्लत इथेच झाली असावी.

आता ४ इंची पाइप. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे, म्हणून आकडेमोड पूर्ण करू.

४ इंची पाइपचा छेद सुमारे ०.००८ चौरस मीटर. हवा सेकंदाला ३ मीटर वेगाने खेचली तर तासाला ८८ घनमीटर हवा मिळते. वेग तिप्पट केला तर पाइप शिट्टी मारायला लागतो आणि 'छोटा पंखा' छोटा राहत नाही. बाहेर ३८ अंश आहे आणि पाइपमधून हवा २८ अंशांवर बाहेर पडते असं धरू, म्हणजे झुकतं माप दिलं. तिच्यातून काढलेली उष्णता भरते सुमारे २९० वॉट. एक टनाचा एसी ३,५०० वॉट काढतो, म्हणजे त्याचा बारावा हिस्सा. पण हाही आकडा फसवा आहे. खोली ३० अंशांवर असेल तर २८ अंशांची ती हवा खोलीतून जेमतेम ६० वॉट उचलते. स्वस्थ बसलेला एक माणूस सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो. म्हणजे पाइपपाशी खुर्ची टाकून बसलेल्या माणसाची स्वतःची ऊबही हा पाइप वाहून नेऊ शकत नाही, एसी विकायची गोष्ट लांबच.

दमटपणा तर मेसेजच्या गावीच नाही. ३८ अंशांच्या हवेत ४८ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल आणि तीच हवा पाणी न काढता २८ अंशांवर आणली, तर आर्द्रता ८४ टक्क्यांवर जाते. घाम वाळत नाही, अंग चिकचिकतं, कपाटातल्या कपड्यांना वास मारतो. एसी थंड कॉइलवर पाणी गाळतो, पाइप बहुधा गाळत नाही. आणि पाइपची भिंत पुरेशी थंड असून पाणी गाळलंच, तर ते पाइपमध्येच साचतं. त्यासाठी पूर्ण लांबीला १ ते २ टक्के उतार, खालच्या टोकाला पाणी काढायची कुंडी, आत घडी नसलेला गुळगुळीत पाइप, तोंडाला जाळी आणि फिल्टर लागतो. कोरुगेटेड पाइप स्वस्त म्हणून टाकला की प्रत्येक घडीत पाणी राहतं, बुरशी धरते, आणि तीच हवा थेट झोपायच्या खोलीत येते. काही भूभागांत सांध्यांतून रेडॉन हा जमिनीतला किरणोत्सर्गी वायूही आत खेचला जातो.

या प्रकाराला काहीच अर्थ नाही असं मात्र नाही. ताजी हवा घरात घ्यायचीच असेल तर ती आधी जमिनीतून फिरवून घेणं चांगलं. यंत्रावरचा भार तेवढा कमी होतो. पण तो जोडधंदा झाला.

तसल्या पाइपपेक्षाही घातक आहे ते 'रविवारी चार जण मिळून खणा'. ३ मीटर खोल, उभ्या भिंतींचा, आधार नसलेला चर म्हणजे जिवाशी खेळ आहे. एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. भिंत ढासळायला काही सेकंद पुरतात, आणि छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला, डोकं मोकळं असलं तरी, श्वास आत घेता येत नाही. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांनुसार ५ फूट किंवा त्याहून खोल चराला, अखंड खडक नसेल तर, आधार, पेटी किंवा उताराच्या कडा सक्तीच्या आहेत. इथे तर दुप्पट खोली सांगितली आहे. खणलेली माती काठावरच रचणं आणि पावसानंतर लगेच आत उतरणं, या दोन चुका हौशी लोक हमखास करतात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं काय जातंय?

'वीज लागत नाही.' लागते. ज्याला खरोखर भूऔष्णिक हीटिंग-कूलिंग म्हणतात, त्यात हीट पंप असतो, त्यात कॉम्प्रेसर असतो, आणि शिवाय लूपमधलं, म्हणजे जमिनीत पुरलेल्या किंवा उभ्या बोअरमध्ये सोडलेल्या बंद पाइपमधलं, पाणी फिरवणारा पंप असतो. १ युनिट वीज खर्चून जमिनीतली ३ युनिट उष्णता उचलली की घरात ४ युनिट पोचतात. ४०० टक्के हा आकडा इथून येतो, आणि चांगल्या बसवलेल्या यंत्रासाठी तो बरोबर आहे, हे मान्य करायलाच हवं. यंत्र उष्णता तयार करत नाही, इकडची तिकडे नेतं, म्हणून भौतिकशास्त्राचा कुठलाही नियम मोडत नाही. मात्र तो पहिला एक युनिट मीटरवर दिसणारच. लूपचा पंप गरजेपेक्षा मोठा लावला आणि चोवीस तास चालू ठेवला, तर बचतीचा बराच हिस्सा तोच खातो.

७२ टक्के. या आकड्याला मूळ आहे: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा १९९३ चा अहवाल. त्यात लिहिलंय की जमिनीशी उष्णतेची देवघेव करणारा हीट पंप बाहेरच्या हवेशी ती करणाऱ्या हीट पंपापेक्षा ४४ टक्क्यांपर्यंत, आणि विजेची कॉइल तापवून ऊब देणारा हीटर अधिक साधा एसी या जोडीपेक्षा ७२ टक्क्यांपर्यंत कमी ऊर्जा वापरतो. मेसेजवाल्याने 'पर्यंत' गाळलं, तुलना कशाशी ते गाळलं, आणि तो आकडा हीट पंप नसलेल्या पाइपला चिकटवला. ज्या घरात हिवाळ्यात हीटर लावतच नाहीत, तिथे ७२ चा संबंधच येत नाही. आणि १९९३ नंतर गरजेप्रमाणे वेग बदलणारी (इन्व्हर्टर) हवेची यंत्रंही बरीच सुधारली, त्यामुळे ४४ चा फरकही आज तेवढा राहिलेला नाही. तरी फायदा उरतोच: कडाक्याच्या उन्हात किंवा थंडीत, जेव्हा हवेवरचं यंत्र धापा टाकतं, तेव्हा जमीन मध्यम तापमानावर असते. बाहेर घरघरणारं युनिट नसतं, आणि उन्हाळ्यात फेकायच्या उष्णतेतून काही भाग अंघोळीच्या पाण्याला वळवता येतो.

'१०० फूट पाइप' हा आकडा हीट पंपालाही लागू पडत नाही. जर्मन अभियंत्यांच्या संघटनेच्या व्हीडीआय ४६४० या मार्गदर्शकाच्या जुन्या आवृत्तीत वर्षाला १८०० तास चालणाऱ्या उभ्या बोअरसाठी ढोबळ आकडे आहेत: कोरड्या मातीतून मीटरमागे २५ वॉट, साधारण खडक किंवा पाण्याने भरलेल्या मातीतून ६०, उत्तम वाहक खडकातून ८४. घराला ४ किलोवॉट ऊब हवी तर जमिनीतून ३ किलोवॉट काढायचे. त्यासाठी एका जागी ३६ मीटर बोअर पुरेल, दुसऱ्या जागी १२० मीटर लागेल. उन्हाळ्यात हिशेब उलटा आणि जड होतो, कारण खोलीतल्या ३.५ किलोवॉटसोबत कॉम्प्रेसरची ०.८ किलोवॉटही जमिनीत जिरवावी लागते. फक्त गारवाच हवा असलेल्या घराखालची जमीन वर्षागणिक तापत जाते. लूप आखूड ठेवला तर पहिला उन्हाळा झकास जातो, आणि चार-पाच वर्षांत तेच यंत्र जास्त वीज खाऊन कमी गार करतं. दोष मग यंत्रावर जातो.

'देखभाल नाही' हे अर्धं खरं. एचडीपीई या टणक प्लास्टिकच्या पाइपचा लूप, सांधे उष्णतेने वितळवून जोडलेले असतील आणि बुजवण्याआधी दाबाखाली तपासले असतील, तर पन्नास वर्षं टिकतो. आतलं यंत्र वीस-पंचवीस. पण हवेचा फिल्टर बदलावा लागतो, लूपचा दाब पाहावा लागतो, थंड प्रदेशात गोठणरोधकाचं प्रमाण मोजावं लागतं. बोअर आणि पाइप यांमधली पोकळी बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीच्या लगद्याने (ग्राउटने) तळापासून वर भरावी लागते. वरून ओतलं की मध्ये हवेचे कप्पे राहतात, उष्णता अडते, आणि वरचं घाण पाणी भूजलात उतरायला वाट मिळते. जर्मनीतल्या श्टाउफेन गावात २००७ साली नगरपालिकेसाठी घेतलेल्या १४० मीटर बोअरमुळे भूजल अ‍ॅनहायड्राइट या कोरड्या खनिजाच्या थरात शिरलं. त्याचं जिप्सम होऊन तो थर फुगला आणि अडीचशेहून अधिक इमारतींना तडे गेले. खाली काय आहे ते न बघता खणू नये, ते यासाठी.

एसी कंपन्या दडवतात, यावर वेळ घालवत नाही. हीट पंपाची कल्पना लॉर्ड केल्विनने १८५२ मध्ये मांडली, जमिनीतून उष्णता घेण्याचं स्विस पेटंट १९१२ चं आहे, आणि आज ही यंत्रं मोठ्या एसी कंपन्याच विकतात.

कोणाला खरंच बसवायचं असेल तर आधी छताचं इन्सुलेशन करा, खिडक्यांच्या फटी बुजवा, मग घराचा उष्णताभार, म्हणजे किती उष्णता काढावी किंवा द्यावी लागेल ते, खोलीगणिक काढून घ्या. भार उतरला की बोअरही तेवढा कमी लागतो. भूस्तराचा अहवाल न मागता, नुसतं घराचं क्षेत्रफळ विचारून जो कंत्राटदार बोअरची लांबी सांगतो, त्याला परत पाठवा.