राणीच्या उधळपट्टीवर खापर कशाला?
फ्रेंच राज्यक्रांतीचं मूळ राणी मारी आंत्वानेतच्या उधळपट्टीत होतं, हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. १७८८ च्या अंदाजपत्रकात दरबाराचा खर्च जेमतेम ६ टक्के होता. जवळपास निम्मा पैसा कर्जापायी जात होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या खर्चाने ते कर्ज आणखी फुगलं. सरदार आणि धर्मगुरूंना बहुतेक करांतून सूट, मग भार पडला कोणावर?

आणि क्रांतीच्या आदल्याच वर्षी फ्रान्समधली उभी पिकं झोपवणारी १३ जुलै १७८८ ची गारपीट लेखात कशी नाही? आमची काटोलला संत्र्याची बाग आहे. तोडणीला आलेला मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांचं पीक) गारांनी झोडपला, की फळावर काळे डाग पडतात आणि व्यापारी गाडी वळवून निघून जातो. सोसायटीच्या पीककर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. फ्रान्सच्या बऱ्याच भागांत तर पीक गेलं तरी मीठ सक्तीने, करासकट विकत घ्यावं लागे.