फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण? (एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना त्यातले दोन मुद्दे बिनतोड वाटले, म्हणूनच उत्तर द्यायला आठवडा लागला. प्रतिक्रियेच्या चौकटीत एवढं मावणार नाही, तेव्हा वेगळंच लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: गरीब देशांतल्या मुलांना स्वस्त लॅपटॉप वाटण्याच्या योजनेवर, मुख्यतः पेरू देशातल्या अनुभवावर, मी लिहिलं होतं. शेवटी ‘जिथे भाकरीची भ्रांत, तिथे मोबाईल काय चाटायचाय?’ असं एक वाक्य ठोकून दिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की एका फसलेल्या योजनेवरून मी सगळ्याच तंत्रज्ञानाला झोडपलं. अहवालातली गैरसोयीची बाजू गाळली. केनियाचं एम-पेसा (फोनवरून पैसे पाठवण्याची सेवा) आणि फोनवरून मासळीचे भाव काढणारे केरळचे मच्छीमार यांचा साधा उल्लेखही केला नाही. आणि स्वतः लॅपटॉपसमोर बसून गरिबाने आधी काय घ्यावं हे सांगणारा मी कोण? शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘फोन हातात पडू द्या, बाकीचं लोक बघून घेतात.’

भाकरीचं वाक्य मागे घेतो. ते टाळ्यांसाठी लिहिलं होतं. पोटाला चिमटा काढून माणूस फोनवर खर्च करतो तो काही हौसेखातर नाही. मिस्ड कॉलचंच बघा ना. ‘पोचलो’, ‘निघ आता’, ‘मला फोन कर’ हे सगळं एक पैसा न मोडता सांगता येतं. जोनाथन डॉनर या अभ्यासकाने रवांडातल्या मिस्ड कॉलचा अभ्यास करून २००७ मध्ये त्याचे अलिखित नियमच मांडले होते. त्यातला एक असा, की ज्याचा खिसा जड त्याने उलटा फोन करायचा. कंपन्यांच्या दरपत्रकातल्या फटीतून लोकांनी स्वतःची फुकट सेवा काढली! अशा माणसाला ‘आधी भाकरीचं बघ’ म्हणणं हा निव्वळ आगाऊपणा होता.

पेरूबद्दलही तुमचं बरोबर. आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या २०१२ च्या अभ्यासात ३१९ शाळा होत्या आणि गणित-भाषेच्या चाचण्यांत लॅपटॉपमुळे फरक दिसला नव्हता, हे मी लिहिलं. त्याच अभ्यासात सर्वसाधारण आकलनाच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली होती, ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर लेखाची धार बोथट झाली असती. याला लबाडी म्हणतात आणि ती मी केली.

आता एम-पेसा. इथे मात्र मी तुमचंच उदाहरण घेऊन तुमच्याशी भांडणार आहे.

ही सेवा केनियात सफारीकॉम कंपनीने मार्च २००७ मध्ये सुरू केली. ना स्मार्टफोन, ना इंटरनेट. बटणांच्या साध्या फोनवर, सिमकार्डातल्या मेनूतून पैसे पाठवायचे. आधी २००५ मध्ये चाचणी झाली ती छोट्या कर्जांचे हप्ते भरण्यासाठी. लोकांनी मात्र ती एकमेकांना पैसे धाडायला वापरायला सुरुवात केली. कंपनीने ते ओळखलं आणि बाजारात उतरताना जाहिरातच केली, ‘घरी पैसे पाठवा’. इथवर तुमचं ‘लोक बघून घेतात’ शंभर टक्के खरं.

पण पैसे पोचले म्हणजे नेमकं काय झालं? गावातल्या आईच्या फोनवर एक आकडा उमटला. त्या आकड्याच्या नोटा करून देतो एजंट. तो ओळखपत्र बघतो, वहीत नोंद करतो, गल्ल्यातून पैसे मोजून देतो. आता त्याच्या गल्ल्याकडे जरा नीट बघा. पैसे शहरात कमावलेले, शहरातच भरलेले. गावात येणारा बहुतेक जण काढायलाच येणार. म्हणजे दुपारपर्यंत गावच्या एजंटचा गल्ला रिकामा आणि फोनमधली शिल्लक फुगलेली. शहरातल्या एजंटचं बरोबर उलटं: नोटांनी गल्ला भरलेला, फोनमधली शिल्लक संपलेली. मग गावच्या माणसाने दुकान बंद करून शहर गाठायचं, किंवा कुणाला तरी पाठवून रोकड आणवायची. हे काम टॉवर करत नाही. त्याला विश्वासाचा माणूस लागतो, वाहन लागतं आणि या दगदगीला परवडेल एवढं कमिशन लागतं. सफारीकॉमचं खरं कसब हे एजंटांचं जाळं विणण्यात होतं, असं माझं मत आहे.

एम-पेसामुळे १,९४,००० कुटुंबं गरिबीतून वर आली, हा आकडा तुम्ही दिलात. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांचा तो अभ्यास, ‘सायन्स’ नियतकालिकात २०१६ मध्ये आलेला. केनियातल्या कुटुंबांपैकी सुमारे २ टक्के. आकडा मला मान्य आहे. पण त्यांनी मोजलं काय ते बघा: घराच्या जवळपास एजंट किती वाढले! हातातले फोन नव्हे, हाकेच्या अंतरावरची माणसं. तुम्ही माझ्याविरुद्ध दिलेला पुरावा माझ्या बाजूने साक्ष देतोय.

केरळची गोष्ट तर मला फारच आवडते. १४ जानेवारी १९९७ ला बडगरा इथल्या किनाऱ्यावर ११ मच्छीमारांनी आपली मासळी फेकून दिली, कारण घ्यायला कोणी नव्हतं. त्याच दिवशी १५ किलोमीटरच्या आतल्या बाजारांत ते मासे घेतले असते असे २७ जण होते. तारली काही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. त्यानंतर टॉवर आले, समुद्रातूनच फोन करून कुठल्या बंदराला लागायचं ते ठरू लागलं. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ च्या अभ्यासानुसार मच्छीमारांचा नफा ८ टक्के वाढला, गिऱ्हाइकाचा भाव ४ टक्के उतरला आणि मासळी फेकून देणं जवळजवळ थांबलं. याला मी ‘पण’ लावणार नव्हतो. पण केरळच्याच मच्छीमारांवर नंतर लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. ज्याने दलालाकडून होडीसाठी, जाळ्यासाठी उचल घेतलीय, त्याचा मासा त्याच दलालाकडे जातो. पाच बंदरांचे भाव त्याला कळतात, आणि कळून तो निमूट ठरलेल्या किनाऱ्याला लागतो.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. महाराष्ट्रातल्या १०० गावांत शेतकऱ्यांना बाजारभाव आणि हवामान एसएमएसवर देऊन काय होतं, याची पद्धतशीर चाचणी झाली. फाफशां आणि मिंटन या दोघांनी केलेली, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली. टोमॅटो, डाळिंब, कांदा, सोयाबीन अशी पिकं. ज्यांना एसएमएस मिळाले त्यांना सरासरीने जास्त भाव मिळाल्याचं दिसलं नाही. कुठे विकायचं आणि माल कसा निवडायचा यात थोडी हालचाल झाली, एवढंच. कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, फोनवर भाव आला तरी ठरलेला अडत्या, ठरलेला टेम्पो आणि घेतलेली उचल जिथल्या तिथेच होती.

आता वारणा. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. गावोगावच्या केंद्रांत संगणक. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, आरोग्य, सगळं एका खिडकीत मिळणार होतं. लोकांनी वापरलं कशासाठी? उसाचं वजन किती भरलं, खत किती उचललं, बिल किती निघालं. म्हणजे वारणा साखर कारखान्याच्या खातेवहीसाठी. पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी काही गावांत हेच काम साध्या एसएमएसवर करून दाखवलं आणि संगणकाची गरजच उरली नाही. इथे तुमचा फोन जिंकला, हे मोकळेपणाने मान्य! पण तो का जिंकला? दुसऱ्या टोकाला कारखाना होता, उसाशी बांधलेला, हिशेब द्यायला बांधील असलेला. भावाच्या एसएमएसच्या दुसऱ्या टोकाला कोणीच नव्हतं.

तुमच्या म्हणण्यात ‘रेंज पोचली की झालं’ हे गृहीत आहे, त्याबद्दल दोनच आकडे. मोबाईल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, जीएसएमएच्या हिशेबाने २०२३ मध्ये मोबाईल इंटरनेटच्या टप्प्याबाहेर राहणारे सुमारे ३५ कोटी होते, आणि टप्प्यात राहूनही न वापरणारे ३१० कोटी. हे ३१० कोटी हटवादी नाहीत. कुणाला हँडसेट परवडत नाही, कुणाला वाचता येत नाही, कुणाच्या भाषेत तिथे काही नाही, आणि कितीतरी घरांत फोन एकच असतो व तो नवऱ्याच्या खिशात असतो. हे ‘लोकांनी बघून घ्यायला’ किती वर्षं द्यायची?

मला अधिकार काय, या प्रश्नाला उत्तर नाही. लॅपटॉपवरच लिहितोय, खरं आहे. पण मग ‘बघून घेतात’ हेही तुम्ही कुठल्या तरी स्क्रीनवरूनच लिहिलंत, नाही का?

मूळ लेखात तीन बदल केले आहेत. आकलनाच्या चाचण्यांचा निष्कर्ष टाकला. ‘१०० डॉलरचा लॅपटॉप’ ही घोषणा होती, प्रत्यक्ष किंमत २०० च्या आसपास गेली, ते दुरुस्त केलं. भाकरीचं वाक्य पुसलं नाही, त्यावर रेघ मारून दिसेल असं ठेवलंय. नाहीतर तुम्ही नेमकं कशावर चिडला होतात हे नंतर येणाऱ्याला कळायचं नाही.