दातांच्या सरकारी दवाखान्यांवरचा खर्च उधळपट्टी कसा?

गरिबांसाठी दातांचे सरकारी दवाखाने चालवणे म्हणजे करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी, असा मजकूर मोबाइलवरून बराच फिरतो आहे. दातदुखीने कोणी मरत नाही, दंतवैद्य आता गल्लोगल्ली झाले आहेत, मोठ्या आजारांसाठी शासकीय योजना आहेतच आणि दोन वेळा ब्रश केला तर दवाखान्याची पायरी चढावीच लागत नाही, अशी चार कारणे त्यात दिली आहेत.

पहिले कारण सरळसरळ चुकीचे आहे. खालच्या दाढेच्या मुळाशी साठलेला पू जिभेखाली आणि गळ्यात उतरला, तर सुजेने श्वासमार्ग बंद होऊ शकतो. अमेरिकेतील मेरीलंड राज्यात 2007 साली एका 12 वर्षांच्या मुलाच्या दातातील जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोहोचून त्याचा मृत्यू झाला. तो दात काढायला सुमारे 80 डॉलर लागले असते. त्याला वाचवण्याच्या प्रयत्नांवर सुमारे अडीच लाख डॉलर खर्च झाले. त्यानंतर त्या राज्याने गरीब मुलांच्या दंतोपचारांसाठीचा सरकारी निधी वाढवला.

दंतवैद्य भरपूर आहेत, हे शहरापुरते खरे आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, पण त्यांतली बहुतेक खासगी आहेत, आणि लाखो रुपये भरून शिकलेला डॉक्टर जिथे फी मिळते तिथेच पाटी लावणार, यात त्याचा दोष नाही. खासगीत रूट कॅनाल आणि वर कॅप म्हटले की काही हजारांचे काम. रोजंदारीवरचा माणूस मग दाढेत लवंग धरतो, मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणतो आणि गाल सुजला की दाढ काढूनच टाकतो. जी दाढ सुरुवातीला सिमेंट भरून वाचली असती, ती अशी जाते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत कमी पैशांत उपचार होतात, हे मान्य. परंतु रूट कॅनालसाठी अनेकदा एकाहून जास्त खेपा घालाव्या लागतात, आणि गडचिरोलीहून नागपूरला येणाऱ्याची प्रत्येक खेपेला मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळेच.

योजनांचा मुद्दा मला सर्वांत फसवा वाटतो. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण आहे, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. बाह्यरुग्ण विभागात दाढ भरून घेणे किंवा तोंड तपासून घेणे त्यात बसत नाही. भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. त्याची पूर्वसूचना ठरू शकणारा गालाच्या आतला पांढरा चट्टा तालुक्याच्या दवाखान्यातील दंतवैद्याला उजेडात नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो, पण तिथे दंतवैद्यच नसेल, तर पुढे जबड्याच्या शस्त्रक्रियेचे बिल त्याच सरकारी तिजोरीतून जाते.

ब्रशचा उपदेश योग्यच आहे. मात्र यवतमाळ, चंद्रपूरच्या ज्या गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे मुलांच्या दातांवर पडणारे तपकिरी डाग ब्रशने जात नाहीत.

या मजकुरातली एक तक्रार मात्र खरी आहे: काही सरकारी दवाखान्यांत दातांची खुर्ची धूळ खात पडलेली असते. दाढ कोरायचे यंत्र हवेच्या दाबावर चालवणारा कॉम्प्रेसर बिघडलेला असतो, दुरुस्तीला तंत्रज्ञ नसतो आणि सिमेंटची पावडर संपलेली असते. खुर्ची एकदाच घेतली जाते, पण पावडर, हातमोजे आणि दुरुस्ती यांना दरवर्षी पैसे लागतात, आणि नेमके तेच हात आखडून दिले जातात. तेव्हा या तक्रारीवरून निधी वाढवण्याची मागणी निघते, दवाखाना बंद करण्याची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ग्लास आयनोमर सिमेंट आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. त्या सिमेंटने लहान किडीची दाढ हातातल्या साध्या अवजारांनी कोरून भरता येते. त्यासाठी ना वीज लागते, ना कॉम्प्रेसर.